इंग्लंडमधील बाथ येथे नदीकाठी धावण्यासाठी सपाट आणि निसर्गरम्य मार्ग कोणते आहेत?

आपण लिहिले आहे की नोव्हेंबरपासून तीन महिने आपल्याला कामानिमित्त बाथमध्ये राहायचे आहे, आठवड्यातून तीन-चार वेळा दहा किलोमीटर धावण्याची आपली सवय आहे, उजव्या गुडघ्याची जुनी तक्रार आहे, आणि एका परिचितांनी आपल्याला असे सांगितले आहे की ते गाव टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे तिथे सपाट मार्ग फारसे नाहीत आणि जे आहेत ते कंटाळवाणे आहेत. या प्रश्नाला उत्तर देण्याचे एरवी मला काही कारण नव्हते, परंतु हे शेवटचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि तेही घरच्याच माणसाकडून, की आपल्या परिचितांचे म्हणणे साफ चुकीचे आहे हे सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

मी मूळची साताऱ्याची आहे आणि 2010 पासून बाथमध्ये राहते. पहिली दोन वर्षे मी लॅन्सडाउनच्या चढावर आणि पुन्हा त्याच रस्त्याने खाली अशी धावत असे, कारण यवतेश्वरच्या घाटात वाढलेल्या माणसाला चढ दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. त्या उतारांनी माझा गुडघा कामातून गेला. चार महिने धावणे बंद ठेवावे लागले, आणि पुन्हा सुरुवात केली ती केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाने. आज मी पन्नाशीला आले आहे आणि अजून धावते आहे, याचे श्रेय मी त्या कालव्याला देते, म्हणून त्याच्याविषयी कोणी 'कंटाळवाणा' म्हटले की मला मनापासून लागते.

माझे धाकटे दीर साताऱ्यातच असतात. सातारा हिल हाफ मॅरेथॉन त्यांनी पाच वेळा पूर्ण केली आहे आणि त्याचा आम्हां सगळ्यांना अभिमान आहे. मात्र चढ नसेल तर ते धावणेच नव्हे, असे त्यांचे ठाम मत आहे. 'सपाटीवर धावणं म्हणजे एस.टी. स्टँडवर येरझाऱ्या घालणं,' हे त्यांचे वाक्य आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ झाले आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये ते तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आले. पहिल्या शनिवारी ते एकटेच, ऐन अकराच्या सुमारास, रॉयल क्रेसेंटपासून पुलटेनी पुलापर्यंत धावायला गेले, पर्यटकांच्या गर्दीत प्रत्येक दहा पावलांवर अडखळत परत आले, आणि 'वहिनी, तुमच्या गावात धावायला जागाच नाही,' असा निकाल देऊन मोकळे झाले. रॉयल क्रेसेंटची तीस घरांची ती अर्धचंद्राकार रांग डोळे भरून पाहावी अशी आहे, दोन्ही बाजूंना दुकाने असलेला 1774 चा पुलटेनी पूल आणि त्याखालचा बंधाराही तसाच आहे, पण ती ठिकाणे उभे राहून पाहण्याची आहेत. तिथल्या दगडी फरश्या पावसात निसरड्या होतात, आणि बाथमध्ये पाऊस असतोच. निसर्गरम्य मार्ग विचारणाऱ्याला जो कोणी ही दोन नावे सांगतो, त्याने तिथे स्वतः धावून पाहिलेले नाही असे खुशाल समजावे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सात वाजता, मी त्यांना 'टू टनेल्स'च्या मार्गावर नेले. बाथहून दक्षिणेकडे जाणारी सॉमरसेट अँड डॉर्सेट ही रेल्वे 1966 मध्ये बंद झाली, रूळ उखडले गेले, बोगद्यांची तोंडे बुजवली गेली, आणि स्थानिक लोकांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर एप्रिल 2013 मध्ये त्याच मार्गावर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी वाट खुली झाली. आमचे घर ओल्डफील्ड पार्कमध्ये असल्यामुळे ती वाट आम्हाला दहा मिनिटांवर आहे. वाट सरळ, रुंद आणि दोन्ही बाजूंना झाडी असलेली आहे, आणि डोळ्यांना ती पूर्णपणे सपाट वाटते. भाऊजींनी ती पाहिली आणि 'हीच का ती सपाटी?' असे म्हणून सातारच्या शर्यतीत शेवटच्या दोन किलोमीटरला धावावे त्या वेगाने ते सुटले. मी मागून दोनदा म्हटले की भाऊजी, जरा दमाने घ्या. त्यांनी मागे न पाहता हात हलवला.

रेल्वेची वाट डोळ्यांना फसवते. बाथमधून बाहेर पडताना त्या मार्गाला पन्नासास एक असा चढ आहे, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेल्यावर माणूस एक मीटर वर जातो. घाटाच्या मानाने हे काहीच नाही, पण घाटात वळण येते, उतार येतो, पायांना क्षणभर उसंत मिळते. इथे मात्र तो चढ दोन-तीन किलोमीटर एकसारखा चालू राहतो, आणि बाजूला तुलनेला काही नसल्यामुळे धावणाऱ्याला तो कळत नाही, फक्त धाप लागते. डेव्हनशर बोगद्याच्या तोंडाशी मी पोहोचले तेव्हा भाऊजी कमरेवर हात ठेवून उभे होते. 'हा चढ आहे?' त्यांनी विचारले. मी म्हटले, 'आगगाडीचा चढ आहे. वाफेच्या इंजिनांनाही इथे धाप लागत असे.'

डेव्हनशर बोगदा 409 मीटरचा आहे, तो सहज संपतो. पुढे लिंकम व्हेल ही हिरवी घळ ओलांडली की कूम डाउन बोगदा लागतो, तो 1,672 मीटरचा आहे. आत बारा महिने गारवा असतो, छतावरून थेंब गळत असतात आणि मधल्या भागात भिंतीतील कोनाड्यांतून मंद रंगीत दिवे लागतात व संगीताचे सूर ऐकू येतात. समोरून येणाऱ्या सायकलचा दिवा बराच वेळ जागच्या जागी थांबल्यासारखा वाटतो आणि मग एकदम अंगावर येतो. भाऊजींचे घड्याळ उपग्रहाचा संकेत हरवून बसले, तेव्हा ते मनगटाकडे पाहायचे थांबले. तिथे मी त्यांना 1929 ची गोष्ट सांगितली. या बोगद्यात हवा बाहेर काढण्यासाठी एकही झरोका नव्हता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बाथकडे येणारी एक मालगाडी चढ चढता चढता इतकी मंदावली की धुराने चालक आणि आगवाला आतच बेशुद्ध पडले, गाडी तशीच रखडत माथ्यापर्यंत आली आणि पुढच्या उताराला, म्हणजे आम्ही नुकतेच ज्या वाटेने धापा टाकत वर आलो होतो त्या वाटेने, बेफाम वेगाने खाली जाऊन बाथच्या मालधक्क्यावर आदळली. चालकासह तिघे जण त्यात गेले. भाऊजींनी हे ऐकून घेतले आणि धावता धावताच डावा हात लांब करून काही पावले भिंतीवरून बोटे फिरवली.

बोगद्याबाहेर पडल्यावर काय दिसते हे मी मुद्दाम सांगितले नव्हते. अंधारातून माणूस एकदम एका उंच पुलावर येतो, खाली टकिंग मिलचे छोटे जलाशय असते, आणि एप्रिलअखेरीस सगळ्या उतारावर रानलसूण फुललेला असतो, त्यामुळे हवेला लसणाच्या कोवळ्या पातीचा वास येतो. तिथून मिडफर्डपर्यंत हलका उतार आहे, मग अरुंद गाडीरस्त्याने मंकटन कूम आणि पुढे डंडस जलसेतू. त्या उतारावर भाऊजींना पुन्हा जोर चढला आणि पहिल्या चढावर दिलेले सगळे त्यांनी तिथे वसूल करायचे ठरवले. व्हायचे तेच झाले. बाराव्या किलोमीटरच्या आसपास, जलसेतू अगदी समोर दिसत असताना, त्यांच्या डाव्या पोटरीत असा गोळा आला की त्यांना पाय टेकवेना. मी त्यांना कठड्याशी बसवले, बूट काढून पायाची बोटे वर ओढून धरली आणि पोटरी चोळून दिली. मोठ्या वहिनीकडून पाय चोळून घेणे त्यांना फार जड गेले हे मला दिसत होते.

तिथून घरापर्यंतचे आठ किलोमीटर आम्ही कालव्याच्या काठाने चालत आलो, आणि माझ्या मते त्या दिवसाचा खरा मार्ग तोच होता. डंडसला कालवा स्वतःच दगडी कमानीवरून एव्हन नदी ओलांडतो. खाली नदी आणि रेल्वे, वर पाण्यातून संथ जाणारी होडी, आणि आपण तिच्या शेजारून. पुढे क्लॅव्हर्टनपाशी 1813 चे पंपघर आहे, जिथे नदीच्याच प्रवाहावर फिरणारे पाणचक्र नदीचेच पाणी जवळजवळ साडेचौदा मीटर वर कालव्यात चढवत असे. काठाला लांबट अरुंद होड्या बांधलेल्या असतात, त्यांच्या धुराड्यांतून लाकडाचा धूर येत असतो, टपांवर सरपणाच्या मोळ्या आणि पुदिन्याच्या कुंड्या ठेवलेल्या असतात. राखी बगळा तीन पावलांवर जाईपर्यंत हलत नाही. बाथॅम्प्टनच्या अलीकडच्या एका दगडी पुलाखालून जाताना भाऊजी थांबले. पुलाच्या कोपऱ्यावर, कमरेच्या उंचीला, बोटभर रुंदीच्या पाच-सहा खाचा एकाखाली एक पडल्या होत्या, आतून इतक्या गुळगुळीत की पॉलिश केल्यासारख्या. त्यांनी एका खाचेत तर्जनी घातली, ती पेरभर आत गेली. 'वहिनी, हे आपल्या विहिरीच्या थारोळ्यासारखं आहे,' ते म्हणाले. होते तसेच. आमच्या गावच्या विहिरीवर दोराने दगडाला जशा खाचा पडल्या आहेत, तशाच या खाचा होड्या ओढणाऱ्या घोड्यांच्या ओल्या दोरांनी पाडल्या आहेत. ज्या वाटेवर आम्ही चालत होतो ती त्या घोड्यांसाठी केलेली वाट होती, आणि ती सपाट होती म्हणूनच एकटा घोडा कित्येक टन माल ओढू शकत होता. हे मी सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण बोट त्यांनी बराच वेळ तिथून काढले नाही. त्या वेळी मला वाटले की वाद मिटला.

वाद मिटला नव्हता. त्याच वर्षी गणपतीत सगळे जमले असताना त्यांनी सांगितले की वहिनींनी मला तिकडे म्हाताऱ्यांच्या सपाट रस्त्यावर फिरवले, आणि पोटरी आखडली ती थंडीमुळे. मी तेव्हा पाहुण्यांसमोर गप्प राहिले. आज लिहिते. पोटरी आखडली ती सपाट दिसणाऱ्या वाटेला कमी लेखल्यामुळे. आणि एव्हनच्या या दरीत सपाटी आपोआप मिळालेली नाही. दोन्ही बाजूंना उभे डोंगर असताना बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन हे जवळजवळ साडेचौदा किलोमीटर, एकही लॉक (होडीला वरखाली करणारे दरवाजांचे कुंड) न घालता, पाणी एकाच पातळीवर ठेवायचे म्हणून जॉन रेनी या अभियंत्याने कालवा दोनदा नदीवरून पलीकडे नेला आणि डोंगराची कूस कापली. शेजारच्याच सॉमरसेट कोळसा कालव्याच्या कापात जमिनीचे थर ठरावीक क्रमाने येतात हे विल्यम स्मिथ याच्या लक्षात आले, आणि त्यातून पुढे 1815 मध्ये त्याचा इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा तयार झाला. हा स्मिथ त्याच टकिंग मिलला राहत होता. केनेट अँड एव्हन कालवा 1810 मध्ये पूर्ण झाला, रेल्वे आल्यावर मोडकळीला आला, लिंपली स्टोकच्या दरीत पाणी झिरपून कित्येक वर्षे कोरडा पडला, आणि स्वयंसेवकांनी अनेक वर्षे खपून तो पुन्हा भरला. 1990 मध्ये तो संपूर्ण खुला झाला. चढ चढण्याचे कौतुक मलाही आहे, परंतु चढ डोंगराने दिलेला असतो. ही समपातळी माणसांनी मोठ्या कष्टाने दिलेली आहे, आणि तिच्यावर धावताना मान वर करून आजूबाजूला पाहता येते, श्वास लयीत राहतो, आणि गुडघा शाबूत राहतो. निसर्गरम्य मार्ग हवा असेल आणि सगळे लक्ष पायाखालच्या दगडांतच अडकणार असेल, तर ते रम्य दृश्य कोणासाठी आहे?

आता आपल्या प्रश्नाकडे येते. आपल्या गुडघ्यासाठी आणि दहा किलोमीटरच्या सवयीसाठी रोजचा मार्ग म्हणजे बाथ स्पा स्थानकाच्या मागून नदी ओलांडून विडकूमच्या लॉकपासून निघावे आणि कालव्याने बाथॅम्प्टनपर्यंत जाऊन परत यावे. एका बाजूचे अंतर सुमारे 4 किलोमीटर आहे, दहा हवे असल्यास थोडे पुढे जावे. सुरुवातीला लॉकच्या बाजूने अर्धा-पाऊण किलोमीटर चढ आहे, तेवढा चालत चढावा. त्यातले एक लॉक जवळजवळ सहा मीटर खोल आहे, तिथे काठाशी घसट करू नये. पुढे सिडनी गार्डन्समध्ये 1800 सालचे दोन नाजूक लोखंडी पूल डोक्यावरून जातात, आणि त्यानंतर उजव्या-डाव्या बाजूला गाव हळूहळू मागे पडत जाते. गाव दूर गेल्यावर दरीच्या पलीकडच्या उतारावर मधाच्या रंगाच्या दगडांची घरे सकाळच्या उन्हात दिसतात, त्यापेक्षा चांगले बाथचे दर्शन मला तरी माहीत नाही.

दुसरा सपाट मार्ग पश्चिमेकडे, नदीच्या अगदी लगत न्यूब्रिजपर्यंत आणि तिथून जुन्या रेल्वेच्या वाटेने ब्रिस्टलकडे जातो. ही ब्रिस्टल-बाथ वाट एकूण 13 मैलांची असून संपूर्ण डांबरी आहे आणि सॉल्टफर्डच्या बाजूला ती नदी पुन्हा पुन्हा ओलांडते. शहराजवळचा भाग कारखान्यांच्या मागून जातो, तो सुंदर नाही. न्यूब्रिजनंतर मात्र तक्रारीला जागा नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या चिखलात हाच मार्ग सर्वांत भरवशाचा आहे.

टेकड्यांवरचा 'बाथ स्कायलाइन' हा सहा मैलांचा मार्ग फारच देखणा आहे हे भाऊजींच्या बाजूने मला मान्य केले पाहिजे. कुरणे, बीचची जुनी झाडे, आणि खाली वाटीत ठेवल्यासारखे गाव. पण त्यात खडे उतार आहेत, ओल्या गवतावरून पाय घसरतो आणि फाटकांपाशी थांबावे लागते. आपल्या गुडघ्याला तो धावण्यासाठी योग्य नाही. एखाद्या रविवारी चालत करावा.

टू टनेल्सचा संपूर्ण फेरा 13 मैलांचा, म्हणजे जवळजवळ अर्धमॅरेथॉनइतका आहे. तो केव्हातरी अवश्य करावा, परंतु आम्ही गेलो त्याच दिशेने, आधी बोगदे आणि मग कालवा असा करावा. उलट केल्यास शेवटी थकलेल्या गुडघ्यांवर तोच पन्नासास एकाचा उतार येतो आणि तो पायांना जाणवल्याशिवाय राहत नाही. मिडफर्ड ते मंकटन कूम हा भाग गाडीरस्ता आहे आणि तिथे थोडे चढउतार आहेत, हे आधी सांगायचे राहिले. बोगद्यासाठी पातळ जाकीट कमरेला बांधून न्यावे; रात्री अकरानंतर पहाटेपर्यंत आतले दिवे बंद असतात.

काही गोष्टी उशिरा सांगते आहे, पण त्या महत्त्वाच्या आहेत. डिसेंबरमध्ये तिथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो, आणि कालव्यावर दिवे नाहीत. कामावरून सुटून धावायचे असेल तर कपाळावरचा दिवा लागेल, आणि अंधारात होड्यांच्या खुंट्या व दोर पायात येतात, म्हणून आठवड्याच्या दिवशी सकाळी उशिरा किंवा जेवणाच्या सुट्टीत जमत असेल तर तसे पाहावे. कालव्याची वाट दाबून बसवलेल्या बारीक खडीची आहे, पण डंडसच्या पुढे पावसाळी दिवसांत चिखल होतो. मोठ्या पावसानंतर नदीलगतच्या सखल वाटेवर पाणी येते, त्या दिवशी तिकडे जाऊ नये. सायकलची घंटा ऐकू आली की डावीकडे व्हावे, आणि कानात गाणी लावू नयेत. गुडघ्याविषयी मी माझा अनुभव सांगितला आहे. आपला गुडघा आपल्या फिजिओथेरपिस्टला दाखवूनच अंतर वाढवावे. आणि 46 अंशांच्या ज्या झऱ्यांमुळे हे गाव वसले, त्या पाण्यात लांब धावण्यानंतर एकदा तरी बसावे. ते स्नानगृह महाग आहे, तरीही बसावे.

तीन महिन्यांत एकच दिवस मोकळा मिळाला तर माझे ऐकून कालव्याने थेट ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत जावे. शहरातून ते सुमारे 16 किलोमीटर आहे, हवे तितके धावावे, उरलेले चालावे, आणि परत धावत येण्याच्या फंदात न पडता तिथून आगगाडी धरावी. पाव तासात ती बाथला आणते, पण खिडकीशी बसून बाहेर लक्ष ठेवावे, कारण वाटेत ती डंडसच्या कमानीखालून जाते, आणि आपण सकाळी पाण्याशेजारून जिथे धावलो ते ठिकाण क्षणभर डोक्यावर दिसते.